साक्ष दिल्यानंतर

दादा,

कोर्लईला परतल्यापासून मी दाराला कडी घालून बसले आहे. अंगणात झावळी पडली तरी तूच आलास असं वाटतं.

आज अलिबागच्या कोर्टात तू माझ्या समोरच बसला होतास. नागावला दारू पिऊन बोट तू चालवलीस, पोहणाऱ्या एका बाईवर ती तूच घातलीस, आणि आरोपी म्हणून उभा होता तुझा कामगार हरी. मी किनाऱ्यावरून सगळं पाहिलं होतं. सकाळी माझं मनगट पिरगाळून तू म्हणालास, "सेलिना, काही दिसलं नाही म्हण. नाहीतर तुझी खैर नाही."

शपथ घेताना मी मनात म्हटलं, 'प्रभू, मला हे जमणार नाही. तू सांगतोस म्हणून फक्त तोंड उघडते.' आणि मग बोलले, "साहेब, बोट माझा भाऊ चालवत होता." हरीची बायको गोदू मटकन खाली बसली आणि रडायला लागली.

लहानपणापासून मी तुझ्या आवाजाला भीत आले, तू म्हणशील तेच बोलत आले. आज येशूचं ऐकलं आणि आतून सुटल्यासारखं झालं. भीती मात्र तशीच आहे, म्हणून हे पत्र तुला पाठवणार नाही.

छळणाऱ्यांसाठीही प्रार्थना करायला त्याने सांगितलंय. मघाशी जेवणाआधी मी तुझं नाव घेतलं. आवाज कापत होता, पण घेतलं.

तुला भिणारी, तरीही तुझीच बहीण,
सेलिना