तुझ्या ट्रंकेतलं मस्कत

आये, आज सकाळपासून तुझ्याशी बोलावंसं वाटतंय. इथे मस्कतला, अल अमेरातच्या आमच्या घरात बॅग उघडी पडली आहे. धाकट्या बहिणीच्या लेकीचं लग्न, पुढच्या आठवड्यात गावी निघायचंय, आणि माझी मुलगी विचारते, "बाबा, तिकडे सगळं ऑनलाइन मिळतं ना? मग एवढं कशाला?" तिला काय सांगू? मस्कतवाल्याची बॅग म्हणजे काय, ते तुलाच ठाऊक.

मी इथे एसीच्या कामाला लागलो तेव्हा आपलं घर कुडाचं होतं. दोन वर्षांत चिऱ्याचं झालं, चौथ्या वर्षी लाद्या बसल्या. गावकीच्या ज्या सभेत बाबा दाराशी उकिडवे बसायचे, तिथे मला "ये रे मस्कत, बस" म्हणून खुर्ची सरकवायला लागले. मी असे काय दिवे लावले होते? अल खुवैरच्या कचेऱ्यांच्या गच्च्यांवर भर उन्हात एसी धुवायचो आणि खालून अर्बाब, म्हणजे आमचा मालक, "यल्ला, यल्ला, लवकर" करून डोकं उठवायचा. पण गावाला गच्ची कुठे दिसत होती? गावाला बॅग दिसायची. सुट्टीवर आलो की संध्याकाळी अख्खी वाडी पडवीत हजर. साबण, अत्तर, बाम, टॉर्च. ज्याला काही मिळालं नाही, तो वर्षभर तोंड फिरवून जायचा.

आणि त्या वर्षी मी हात हलवत आलो. कंपनीचा पगारच थांबला होता. आलो नसतो तर बरं, पण त्याच संध्याकाळी धाकटीला बघायला मंडळी येणार होती, आणि येत होती ती 'मस्कतवाल्याची बहीण' बघायला. बॅग फुगलेली दिसावी म्हणून मी आत वर्तमानपत्रं कोंबली होती. तू चेन उघडलीस, बघितलंस, आणि मी रडायला लागलो. बत्तीस वर्षांचा घोडा, पण रडलो. बहिणीचं जमता जमता माझ्यापायी मोडणार, एवढंच डोक्यात होतं.

"मेल्या, रडतोस काय असा? दोन वेळा जेवतोस ना तिथं?" तू विचारलंस. मी मान हलवली. "मग झालं तर. जा, विहिरीवर जाऊन आंघोळ कर. सावकाश कर."

आंघोळ करून येतो तर बॅग जाग्यावर, चेन लावलेली, उचलायला गेलो तर जड. संध्याकाळी मंडळी खुर्च्यांवर, वाडी खाली सतरंजीवर, आणि तू मला म्हणतेस, "उघड आता, लोक ताटकळलेत." मी उघडतो. पहिली साबणाची वडी हातात येते, दुसरी येते, आणि मला कळतं. हे सगळं मीच आणलेलं. सहा वर्षं दर सुट्टीला तुला दिलेलं. खाटेखालच्या ट्रंकेत तू ते जसंच्या तसं ठेवलं होतंस, एका वडीला पाणी लागू दिलं नव्हतंस. नवऱ्यामुलाच्या बापाला मी टॉर्च दिला. तो पेटला, देवाचीच कृपा.

शेजारच्या काकीला गप्प बसवेल तर ना! वडी नाकाला लावून ती म्हणाली, "याचा वास गेलाय गो."

"विमानात थंडी असते. वास बसतो," तू म्हणालीस. "अंगाला लाव, मग उठतो."

सगळे हसले. काकी कसली सोडते? "आनि तुला काय आनलान पोरान?"

"मी भरून पावले," म्हणालीस आणि चहा आणायला आत गेलीस. मंडळींनी जाता जाता होकार दिला.

आये, माझं जे काही बरं झालं ते त्या संध्याकाळनंतर झालं. मान राहिला म्हणून इथे परत यायची हिंमत राहिली. दुसरी कंपनी मिळाली, फोरमन झालो, बायको-मुलीला इथे आणलं. आज गावात लोक मला देवळाच्या कामाला पुढे करतात, तेव्हा मनातल्या मनात मी तुझे पाय धरतो. तू होतीस तोवर हे तोंडाने कधी म्हटलं नाही. आज म्हणतो, तुझे फार उपकार आहेत गं माझ्यावर.

गेल्या शुक्रवारी धाकटीला फोनवर एकदाचं सगळं सांगितलं. ती हसायलाच लागली. "दादा, आता सांगतोस होय? ट्रंक ओढायला मीच तर होते!" मग म्हणाली, दर दसऱ्याला तू दार लावून घ्यायचीस, एकेक वस्तू काढून पदराने पुसायचीस, वास घ्यायचीस आणि तिला सांगायचीस, "बघ, माझ्यासाठी कुठून कुठून शोधून आणतो."

शोधून मी वाडीसाठी आणायचो, आये. काकीचं, पोलीसपाटलाचं, सगळ्यांचं नाव यादीत असायचं. तुझं कधीच नव्हतं. सगळ्यांना वाटून झालं की तळाशी जे उरायचं, ते "हे घे तुला" म्हणून तुझ्या हातात द्यायचो. धाकटीला हे फोनवर सांगता आलं नाही. तुला सांगतोय, तेही हे पत्र कुठे पोचणार नाही म्हणून.