बेलवाल्याच्या गालावरचा घाव

गेवराई
६ फेब्रुवारी १९९४

ती. मन्मथदादास शिवकन्येचा शि. सा. न. वि. वि.

माझ्या रुचिकाच्या लग्नातल्या पाटल्यांसाठी तू आईची पुतळ्यांची माळ मोडणार, हे कळलं. मोड बाबा, पण तिच्यातलं ते मुखवट्याचं जुनं नाणं, आईचा बेलवाला, तेवढं बाजूला काढ. आमच्या रवीच्या कॉलेजच्या पुस्तकात तस्साच फोटो हाय! तो शिवभक्त न्हाईच म्हणे, दोन हजार वर्षांपूर्वीचा रोमचा बादशहा. डोक्यावर बेल नसून तिकडच्या कुठल्या झाडाची पानं, आन् नाण्याच्या मागच्या बाजूला बसलेली पार्वतीबी पार्वती न्हाई. आईला यातलं काही सांगू नको. दिसत नसलं तरी दर सोमवारी ती त्याच्या गालावरचा घाव चाचपून लोणी लावते. लावू दे.

वहिनीस नमस्कार. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी
शिवकन्या


सिरसाळा
११ फेब्रुवारी १९९४

चि. सौ. शिवकन्येस दादाचे अनेक आशीर्वाद.

पत्र काल आलं. बेलवाला परवाच मुशीत गेला, बाई. पाटल्यांना अर्धा तोळा कमी पडत होतं, आन् सोनार म्हणाला, याचं सोनं लई चोख. मला वाटलं, आईला कुठं दिसतंय! पितळेचा हुबेहूब करून, सोन्याचं पाणी चढवून तिच्या हाती ठेवला. शहाण्या सोनारानं घाव मात्र खोट समजून गुळगुळीत केला.

आईनं अंगठा फिरवला आन् रडायलाच लागली. देवाचा घाव भरला, आता माझीबी नजर परत येईल, म्हणाली. गल्लीत साखर वाटली. मोतीबिंदूच्या ऑपरेशनला इतकी वर्षं नको नको म्हणायची, आता आपणहून तयार झाली. कावून मला ही बुद्धी झाली? पाटल्यांसोबत तिलाबी तुझ्याकडं पाठवतोय, ऑपरेशन तिकडंच कर. नजर आली की ती आधी तोच बघणार. समोर उभं राहायची हिंमत न्हाई माझ्यात.

रागाव, पण पत्र टाकत जा.

तुझा
मन्मथदादा


गेवराई
३ मार्च १९९४

ती. दादास शि. सा. न. वि. वि.

काल आईची पट्टी सोडली. चांगलं दिसतंय. रुचिका आजोबांच्या नाकावर गेली म्हणून हसली. मग बटव्यातून बेलवाला काढून खिडकीपाशी नेला. कडेचं पाणी उडून पितळ उघडं पडलंय. लई वेळ बघितलं तिनं. नंतर रुचिकाच्या पाटल्यांवरून हात फिरवून म्हणाली, इथं हाय व्हय हा. मला रडू आवरेना. पाटल्यांचा हट्ट माझाच होता ना, दादा.

मन्मथाला लिही, आईला अंधुकच दिसतं; खरं कळलं तर त्याला लागेल, अशी शपथ घातलीय तिनं. शपथ मोडून लिहितेय.

सोमवारी ती येतेय. लोणी काढून ठेव. आन् काही विचारू नको, तिला अंधुकच दिसतं.

आहे तीच माया राहू दे.

तुझी
शिवकन्या