पुढची खोली मंगळवारच्या बैठकीची

मी, मथुराबाई पिलाजीराव घोरपडे, वय ७८, राहणार पाणीगेट, बडोदे. शाळा चौथीपर्यंत, पुढचं सगळं आपलं आपण वाचून. माझं डोकं ठिकाणावर असल्याचं डॉ. मृदुला यांनी तपासून लिहून दिलं आहे. त्या मनाच्याच डॉक्टर, तेव्हा कुणी शंका काढू नये. कुणाच्याही दबावाशिवाय हे स्वहस्ते लिहिते.

१. बांगड्या दोन्ही सुनांना सारख्या. पितळी घंगाळ मात्र थोरलीने मागू नये. तिने ते एकदा भंगारात काढलं होतं.

२. मागचं घर व वरचा मजला थोरला शरच्चंद्र आणि धाकटा समरजित, फौजेतला निवृत्त हवालदार, यांना निम्मा-निम्मा.

३. पुढची खोली विकू नये, भाड्याने देऊ नये. शरच्चंद्र म्हणतो, "आई, रस्त्यावरची खोली आहे, दुकानाचा गाळा होईल." होईल रे बाबा. पण ऐक.

समरजित सरहद्दीवरून परतला तो झोपेनाच. भांडं पडलं तरी भिंतीला चिकटायचा. फौजीच्या घरात हे सांगायचं कसं? दवाखान्याच्या फेऱ्या लपवायला मी गल्लीत सांगितलं, मूळव्याध आहे. झालं, मूळव्याधीवर औषध म्हणून घरोघरून सुरण यायला लागला. पोराने वर्षभर मुकाट्याने खाल्ला. मग उत्तरायणाला, म्हणजे संक्रांतीला, सगळे अगाशीवर, गच्चीत जमले तेव्हा शेजारच्या रसिकाबेननी उंधियूच्या भाजीतला सुरण वेचून त्याला वाढला. "लो भाई, तुमच्यासाठी जास्त घातलाय."

तो म्हणाला, "बेन, मला मूळव्याध नाही. मला झोप येत नाही."

मग नागरवाड्याचे धनाजीराव, जुने सैनिक, म्हणाले, "मला एकाहत्तरच्या लढाईपासून येत नाही. आणि मला कुणी सुरणही दिला नाही."

अगाशी हसली. समरजित हसला, तीन वर्षांनी.

पुढच्या मंगळवारी दोघे या खोलीत बसले. आता चौदा जण येतात. मृदुलाबाईही येतात, मेथी निवडत ऐकतात.

४. खोलीत हुद्दा नाही. साहेब आणि जवान एकाच सतरंजीवर. येणाऱ्याला मागच्या दाराने आणू नये. त्याला वेगळं विचारावं, घरच्यांना वेगळं; कारण डॉक्टरांसमोर "छान झोपतो हो" असं खोटं आधी मीच बोलले होते. ही रीत मृदुलाबाईंनी माजी सैनिकांच्या दवाखान्यात नेली. तिथे आता बीपीसोबत झोपही विचारतात.

५. खोलीची किल्ली शरच्चंद्राकडे राहील. समरजितला त्या खोलीची किंमत ठाऊक आहे. थोरल्याला कळायची आहे.

ठिकाण : बडोदे. रविवार, १८ जानेवारी २०२६.
सही : मथुराबाई घोरपडे

आमच्यासमक्ष सही केली :
१. धनाजीराव मोहिते, नागरवाडा
२. डॉ. मृदुला दिघे, वासणा

किल्ली आजच घेतली. मंगळवार परवाच आहे. चहा मी करीन. — शरच्चंद्र