वर्खात अडकवलेला उजेड

१ जानेवारी २००८
संकल्प : मार्चमध्ये पीएच.डी.ची मुदत संपायच्या आत प्रकाश थांबवणे. थिअरी सोपी. निमुळत्या ऑप्टिकल फायबरभोवती चांदीचा थर दिला, की प्रकाश चांदीतल्या इलेक्ट्रॉन्समध्ये गुंततो, रेंगाळतो, थांबतो. फक्त करायचं बाकी आहे.

९ जानेवारी
चांदीचा थर द्यायला व्हॅक्यूमचं मशीन लागतं. आमच्या कॉलेजचे प्राचार्य म्हणाले, आधी स्टाफरूमचा पंखा. या देशात संशोधन कसं व्हावं?

१७ जानेवारी, संध्याकाळ
सुचलं! मिठाईवरचा वर्ख. तीसुद्धा चांदीच. नाशिकात चांदीला काय तोटा?

२६ जानेवारी
झेंडावंदन बुडवलं. फायबर निमुळतं करायला गॅसवर तापवून ओढलं. तुटलं. पुन्हा तुटलं. मीना म्हणाली, आधी पोळ्या होऊ द्या. बायकोचा सपोर्ट नाही.

८ फेब्रुवारी
जमलं!! वर्ख गुंडाळलेल्या फायबरच्या एका टोकातून लेझर पॉइंटर मारला. दुसऱ्या टोकाला अंधार. म्हणजे प्रकाश आत अडकला. मीनाने विचारलं, वर्खाखाली फायबर तुटलं तर नसेल? सोलून बघा म्हणे. महत्प्रयासाने पकडलेला प्रकाश सोडून देऊ? आर्ट्सवाल्यांशी वाद घालू नये.

१० फेब्रुवारी
पिंपळगावला सासऱ्यांना फोनवर सहज सांगितलं. द्राक्षांचा सीझन ऐन भरात, तरी ते म्हणाले, २ मार्चला द्राक्षं भरायच्या पॅकहाउसमध्ये सत्कार करू. मी नको म्हणालो. एकदा.

२ मार्च, सकाळ
पुण्याहून पीएच.डी.चे गाईड कॉलेजात आले. चिमट्याने वर्ख सोलला. खाली फायबरचे दोन तुकडे, मध्ये बोटभर फट. सर रागावले नाहीत, रागावले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, मुदतवाढीची शिफारस मला करता येणार नाही. चहाही घेतला नाही. वर्खच निकृष्ट असणार.

३ मार्च
काल सत्काराआधी सासऱ्यांना बाजूला घेऊन सगळं खरं सांगितलं. कार्यक्रम रद्द करा म्हणालो. त्यांनी भरलेल्या खुर्च्यांकडे पाहिलं. मग म्हणाले, "जावईबापू, लोकं येऊन बसलेत. हे आपल्या दोघांतच राहू द्या."
शाल, श्रीफळ, फेटा. सासऱ्यांनी भाषणात सांगितलं, आमच्या जावयाने उजेड धरून ठेवला. टाळ्या पडल्या. मीना टाळ्या वाजवत नव्हती. तिला कोणी सांगितलं नव्हतं, तरी तिला कळलं होतं. मला फार लाज वाटली.
मला बोलायला उभं केलं. मी म्हणालो, संशोधन अजून चालू आहे.
तेवढंही खरं नव्हतं.