उत्तरासाठी सोडलेली जागा

३ नोव्हेंबर
आजपासून सौसरला. इंदूताईंच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायची नोकरी, क्लासच्या मागेच राहायला खोली. खिडकीबाहेर संत्र्याच्या पेट्या भरणाऱ्या बायकांची अखंड बडबड. सहा मशीन, सगळ्यांवर लिनक्स. इंदूताईंनी माझी पिशवी उचलून पाहिली आणि विचारलं, पांढुर्ण्याहून गोटे भरून आणले काय वो पोरी. मी हसले. ऑगस्टनंतर पहिल्यांदा.

पिशवीत बाबांची हार्ड डिस्क आहे. दम्यामुळे माझी चौथीपर्यंतची शाळा घरीच झाली. बोरगावला मिलमध्ये पाळीवर जाण्याआधी बाबा मोबाइलवर धडे बोलून ठेवायचे. प्रश्न विचारायचे, माझ्या उत्तरासाठी थोडा वेळ गप्प राहायचे, मग म्हणायचे, शाबास, पुढे. असे एकशे बारा धडे. दुसरी प्रत कुठेच नाही. आज त्यातले साठ क्लासच्या मशीनवर उतरवून घेतले. डिस्क नियमाप्रमाणे बंद करून मगच काढली.

४ नोव्हेंबर
डिस्क पुन्हा लावली आणि मशीन हँग. माऊस हलेना, कोणतंही बटण चालेना. बंद करून सुरू केलं, डिस्क लावताच तेच. एका वेळी एकच बदल करायचा असं ठरवलं. केबल बदलली. मागचं पोर्ट वापरलं. वीज कमी पडत असेल म्हणून स्वतःचा अडॅप्टर असलेला हब लावला. शेवटी मशीनच बदललं. फरक नाही. मी रडकुंडीला आलेली बघून इंदूताई म्हणाल्या, एवढी भेऊन कायले राहिली, मशीनच हँग झाली ना, माणूस तर नाही, चहा पे.

६ नोव्हेंबर
वीज वाचवायला लिनक्स जोडलेल्या डिस्कला झोपवतं, आणि कधी कधी ती जागीच होत नाही. ते सेटिंग बंद केलं. डिस्क लावली. पुन्हा हँग. मी कपाळाला हात लावून बसले होते, तेवढ्यात हेडफोनमधून बाबा. सात आठे?

सवयीनं बोलून गेले, छप्पन्न.

शाबास, पुढे.

माऊस हलू लागला. एक धडा उतरला, आणि पुन्हा प्रश्न. संध्याकाळपर्यंत तीस धडे झाले. लॉगमध्ये, म्हणजे मशीनच्या नोंदींत, कारण सापडलं नाही. खरं सांगायचं तर मी नीट शोधलंच नाही.

८ नोव्हेंबर
आज बाबांनी विचारलं, जेवली का? हा प्रश्न कोणत्याच धड्यात नाही. मला सगळे धडे पाठ आहेत.

हो म्हटलं. मशीन हललं नाही. सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. बऱ्याच वेळानं नाही म्हटलं, तेव्हा सुरू झालं. बाबा म्हणाले, मंग खोटं कायले बोलते?

काल-आज मिळून आणखी एकवीस उतरले. एकच धडा राहिला आहे.

९ नोव्हेंबर, रविवार, दुपार
शेवटचा प्रश्न. तेरा ऑगस्टले फोन कायले नाही उचलला?

बाबा गेले त्या दिवशी बोरगावच्या स्टॉपवर त्यांच्या छातीत कळ आली. पहिला फोन त्यांनी मला केला. मी घरी सांगितलं, नेटवर्क नव्हतं. आई भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला तेच सांगते. त्याच्याच आधारावर ती उभी आहे.

म्हटलं, नेटवर्क नव्हतं बाबा.

हँग. डिस्क काढली. मशीनची वायर भिंतीतून उपटली. स्क्रीन तशीच— उजेडासकट.

थोड्या वेळानं
तेच उत्तर पुन्हा दिलं. पंखा थांबला. लाइट आहे— बल्ब चालू आहे. बाहेर बायकांचा आवाज बंद. एक संत्रं हात आणि पेटीच्या मध्ये—

तिसऱ्यांदाही तेच म्हणाले. आईसाठी.

इंदूताई दारात आहेत. कपात चहा ओतताहेत— धार मध्येच उभी. हाका मारल्या. पापणीसुद्धा—

माझा श्वासही आत येत नाही नीट. फक्त पेन चालतंय. म्हणून लिहिते.

बाबा, नेटवर्क होतं. मोबाइल हातातच होता. तृप्तीच्या घरी आम्ही मैत्रिणी हसत होतो. तिनं विचारलं, कोण. मी म्हटलं, बाबाच आहेत, आणि मी—