दोनशे बाराव्या पानावरचा सुतार

४ जून

चि. सूनबाईस,
अ. उ. आ.

पार्सल मिळालं की आधी दाराला आतून कडी लाव आणि मग उघड, नाहीतर शेजारीण मागून नेईल. आत ‘किनाऱ्यावरची खोली’ आहे. या कादंबरीसाठी माझ्या वाचनालयात एकोणीस जणांनी नंबर लावलेत. मी मालकपणाचा फायदा घेऊन तुला मध्येच घुसवलं. बँकेतून निवृत्त झालेल्या बाईंनी त्यावरून मला चार शब्द सुनावले. सुनावू देत.

गोष्ट एवढीच, की नवरा बोटीवर जातो, बोट बुडते, आणि बायको किनाऱ्यावरच्या एका खोलीत अकरा वर्षं त्याची आठवण सांभाळत राहते. दुसऱ्या कोणाचा विचारही मनाला शिवू देत नाही. चारशे दहा पानं आहेत. मी चाळीस वर्षं लोकांना रडकी पुस्तकं देत आलो आणि स्वतः कोरडा राहिलो, पण शेवटच्या प्रकरणात माझा बांध फुटला. काउंटरवर बसूनच रडलो. एक वर्गणीदार आत आले, त्यांनी माझं तोंड पाहिलं आणि नंतर येतो म्हणून निघून गेले. प्रेम कशाला म्हणतात ते या लेखिकेला कळलंय, असं माझं ठाम मत आहे आणि येईल त्याला मी ते ऐकवतो.

सोबतचं ‘लिफ्टमधलं प्रेत’ मात्र निव्वळ बंडल आहे. एवढ्या माणसांत एकाच्याच बुटांचं वर्णन केल्यावर खुनी कोण हे सांगायला गुप्तहेर कशाला हवा? त्यावरून आठवलं. जुन्या रहस्यकथा पुसून ठेवत होतो, तर पाच-सहा पुस्तकांत पहिल्याच पानावर पेन्सिलीनं लिहिलेलं, ‘खुनी डॉक्टर आहे’, ‘खुनी धाकटी बहीण’. अक्षर आपल्या कार्ट्याचं. दहा-अकरा वर्षांचा असेल तेव्हा. वर्गणीदारांनी तक्रार केली म्हणून मी त्याला बदडला होता. परवा खोडरबर हातात घेतलं आणि पुन्हा खणात ठेवून दिलं.

तुझ्या सासूबाईंचा गुडघा अजून दुखतो. जिना चढताना त्या गुडघ्याशी बोलतात, माझ्याशी नाही. तू तिथे चष्म्याच्या दुकानात दिवसभर लोकांचे डोळे तपासतेस, तेव्हा स्वतःचेही सांभाळ.

मत सविस्तर लिही. तुझ्या लोभावर आणि पोस्टमनच्या पायांवर हा म्हातारा तगून आहे.

बाबा


२१ जून

ती. बाबांना,
शि. सा. न. वि. वि.

पार्सल पोचलं. कडी लावूनच उघडलं.

‘लिफ्टमधलं प्रेत’ मला आवडलं. तुम्हाला बूट दिसले, मला नाही दिसले. मी शेवटपर्यंत बिचाऱ्या लिफ्टवाल्यालाच खुनी समजत होते. दुकानात जेवणाच्या सुट्टीत वाचत होते, तेव्हा आमच्या मालकीणबाईंनी विचारलं, की पुस्तक वाचतेस की कोणाला शोधतेस. पेन्सिलीचं वाचलं आणि तेवढा कागद घडी करून वेगळा ठेवला.

आता ‘किनाऱ्यावरची खोली’. ती मी दोनदा वाचली. पहिल्यांदा रडले, दुसऱ्यांदा रागावले. बाबा, चारशे दहा पानांत त्या बाईचा एकदाही दात दुखत नाही. तिचा गॅस संपत नाही. रविवारी दुपारी चार वाजता ती काय करते ते कुठेच लिहिलेलं नाही. धुणं वाळलेलं असतं, भांडी झालेली असतात, पुस्तक संपलेलं असतं, आणि घड्याळ चारच्या पुढे सरकत नाही. तो माणूस जाऊन तीन वर्षं चार महिने झाले आणि मी अजून त्या चारशी झगडते आहे. लेखिकेनं तिला समुद्र दिलाय बघत बसायला. माझ्या खिडकीतून पाण्याची टाकी दिसते.

आणि दोनशे बाराव्या पानावरचा तो सुतार. होड्या दुरुस्त करणारा, तिची मोडलेली खिडकी बसवायला येतो तो. त्याला तीन पानांत हाकलून दिलाय. त्याचा गुन्हा काय, तर पुढच्या दातांत फट आहे आणि काम करताना शीळ घालतो. त्या दिवशी ती बाई पहिल्यांदा हसते, आणि लेखिका लगेच तिला आरशासमोर उभी करून लाजेनं मेल्याहून मेली करते. मला हे पटलं नाही. ती हसल्यामुळे बोटीवरचा माणूस दुसऱ्यांदा बुडतो का? उलट मला वाटतं, त्या सुतारानं अजून एकदोनदा यायला हवं होतं. खिडकी तशीही नीट बसली नव्हती.

आईंच्या गुडघ्याला शेक द्या आणि तुम्हीच जरा जिना वर-खाली करा. माझ्या मताचा राग मानू नका. मत वेगळं असलं तरी माणूस तुमचंच आहे.

तुमची भिंगवाली


२ जुलै

चि. सूनबाईस,
अ. उ. आ.

तुझं पत्र मी मोठ्यानं वाचून दाखवलं आणि वाचता वाचता हसलो. एवढी गाजलेली कादंबरी, आणि आमच्या सूनबाईंना नायिकेचा दात दुखायला हवा! उद्या म्हणशील, गुप्तहेराला पडसं का होत नाही. अगं, कादंबरीत आयुष्यातलं सगळं घालायचं नसतं, म्हणून तर माणसं ती वाचतात. त्या सुताराचं म्हणशील तर तो नुसता भरणा आहे. प्रकाशकानं पानं वाढवायला सांगितली असतील, म्हणून आला, खिडकी बसवली, गेला. मी वाचताना ती तीन पानं चाळून टाकली होती. तू म्हणतेस म्हणून पुन्हा बघितली. माझं मत बदललं नाही.

एक गंमत सांगतो. तुझ्या सासूबाई लसूण सोलत ऐकत होत्या. तुला ठाऊकच आहे, चाळीस वर्षं पुस्तकांच्या घरात राहून त्यांनी एक पुस्तक उघडलं नाही. सुताराचं आलं तशा त्या थांबल्या आणि म्हणाल्या, ते परत वाचा. मी परत वाचलं. तर म्हणतात, तिला कोणी भेटलंय. मी म्हटलं, अहो, ही पुस्तकातली गोष्ट आहे. त्यावर त्या पुन्हा लसूण सोलायला लागल्या. आता सांग, अशा माणसाला साहित्य कसं समजावायचं?

पुस्तक सावकाश पाठव. बाईंना मी थोपवून धरलं आहे. पत्राला उशीर करू नकोस. तुझं पत्र आलं की इथे दोन दिवस तरी बोलायला विषय असतो.

बाबा


१५ जुलै

ती. बाबांना आणि आईंना,
शि. सा. न. वि. वि.

आईंना साहित्य समजवायला नको, बाबा. त्यांना समजलेलं आहे.

चारदा कागद घेतला आणि चारदा ठेवला. आता सरळच लिहिते. शिलाई मशीन दुरुस्त करणारे एक गृहस्थ आहेत, आमच्या दुकानाच्या मागच्या रस्त्यावर त्यांचं छोटं वर्कशॉप आहे. वय बेचाळीस. लग्न झालेलं नाही, कारण आधी दोन बहिणी होत्या, मग आजारी वडील होते, मग वय गेलं. गेल्या वर्षी चष्म्याची फ्रेम मोडली म्हणून आले. पुढच्या महिन्यात पुन्हा मोडली. तिसऱ्यांदा आले तेव्हा मी म्हटलं, की एवढी बारीक यंत्रं हाताळणाऱ्या माणसाच्या हातून चष्मा कसा मोडतो. तर खाली मान घालून म्हणाले, मुद्दाम.

मी हसले, बाबा. मग घरी येऊन खूप रडले.

ते वाचत नाहीत. तुमचं ‘लिफ्टमधलं प्रेत’ मी त्यांना दिलं होतं, तिसऱ्या पानावर झोपले. बोलतातही कमी. पण रविवारी दुपारी चार वाजता येऊन ते माझ्या खोलीतला नळ दुरुस्त करतात, नळ बिघडलेला नसला तरी. त्यांनी मला लग्नाचं विचारलं आहे. तुमच्याशी बोलल्याशिवाय उत्तर देणार नाही, असं मी सांगितलं. त्यांना ते योग्यच वाटलं.

मालकीणबाई म्हणाल्या, तू परवानगी मागत नाहीस, फक्त कळवते आहेस, असं लिही. पण मी मागतेच आहे. माझे आईवडील गेल्यावर मला तुम्हीच दोघं उरलात. तो गेल्यावर तुम्हीच मला हे काम शिकायला पाठवलंत आणि स्टेशनवर पिशवीत सहा कादंबऱ्या कोंबल्यात. त्याला विसरून मी कुठे जात नाही. पण जागा मोठी करता येते की नाही, एवढं विचारते आहे.

उत्तराची वाट पाहते. लोभात फरक पडणार नाही असं मनाशी धरून चालले आहे.

तुमची


२२ जुलै

सूनबाई,

‘किनाऱ्यावरची खोली’ ताबडतोब परत पाठव. नंबर लागलेत.

तुझ्या पत्राला माझं उत्तर नाही. एकच लिहितो, ते मी तीन वर्षं तोंडातून काढलं नव्हतं. अवकाळी वादळात तारा तुटल्या त्या दिवशी त्याची सुट्टी होती. वीज कंपनीतून फोन आला तेव्हा तो नको म्हणत होता. जा असं तू म्हणालीस. हे तूच आम्हाला सांगितलंस. तो खांबावर चढला आणि चारजणांनी खाली आणला. तू आता जागा मोठी करते आहेस. कर.

पत्र मी एकट्यानंच लिहिलं आहे. हिला दाखवलेलं नाही.


३० जुलै

ती. बाबांना,
शि. सा. न.

पुस्तक याच टपालानं पाठवते आहे. कव्हर सैल झालं होतं, चिकटवलं आहे. बाईंना सांगा, उशीर माझ्यामुळे झाला.

हो, जा असं मी म्हणाले. हॉस्पिटलच्या बाजूची लाईन बंद आहे असं फोनवर सांगत होते, मला ते ऐकू येत होतं. मी त्याला डबा भरून दिला आणि म्हटलं, जाऊन ये, संध्याकाळी झोप. मी ते तुमच्यापासून लपवलं नाही, कारण ते एकटीनं बाळगणं मला झेपत नव्हतं. तुम्ही तेव्हा माझ्या डोक्यावर हात ठेवला होता. मला वाटलं, तुम्ही त्यातलं अर्धं घेतलंत.

२६ सप्टेंबरला, शनिवारी सकाळी अकरा वाजता, आम्ही नोंदणी कार्यालयात जाणार आहोत. ही परवानगी मागत नाही. कळवते आहे.

आईंना नमस्कार. लोभाबद्दल काय लिहायचं ते सुचत नाही.


१९ सप्टेंबर

माझ्या मुली,
अ. उ. आ.

जवळजवळ सात आठवडे मी कागद समोर घेऊन बसतो आहे. वाचनालय गेले पंधरा दिवस बंद आहे. लोकांना तब्येतीचं कारण सांगितलंय, ते खोटं नाही.

तू वरच्या खोलीतून त्याला जा म्हणालीस हे खरं. पण तुझ्या आणि त्या खांबाच्या मध्ये एक जिना होता, आणि जिन्याच्या खाली माझा काउंटर होता. तो खाली आला आणि बाहेर पडला नाही. माझ्यासमोर थांबला. म्हणाला, “बाबा, आज जावंसं वाटत नाही.” मी वाचत होतो. एका गिरणीमालकाच्या मुलीची कादंबरी होती, अगदी टाकाऊ, आणि शेवटची बारा पानं राहिली होती. मी म्हटलं, “जा रे, लोक अंधारात बसलेत.” आणि पान उलटलं.

मी त्याच्याकडे बघितलं नाही. त्या कादंबरीचा शेवट मला तोंडपाठ आहे. मुलगी घर सोडते, बाप स्टेशनवर उशिरा पोचतो. पण माझ्या मुलानं त्या सकाळी कोणता शर्ट घातला होता ते मला माहीत नाही. तुला विचारायचं कितीदा मनात आलं. पण ‘का विचारता’ असं तू म्हणाली असतीस, तर सांगावं लागलं असतं.

तू जेव्हा रडत येऊन मला सांगितलंस, की जा असं मी म्हणाले, तेव्हा तुझ्या डोक्यावर हात ठेवला तो माया म्हणून ठेवला, पण त्यात सुटल्याचा आनंदही होता. दोष कोणाचा, हे ठरलं आणि तो माझा नाही, असं मला त्या क्षणी वाटलं. पुढे तुझी काळजी घेतली, तुला शिकायला पाठवलं, पुस्तकं धाडली, ते सगळं खरं आहे. पण त्याच्या तळाशी हे होतं. अकरा वर्षं खोलीत बसून राहणाऱ्या बाईची गोष्ट मला एवढी का भिडली तेही आता सांगतो. तू तशी बसून राहिलीस, तर त्याच्या जाण्याची जबाबदारी तुझी आहे हे तू जन्मभर कबूल केल्यासारखं झालं असतं. साहित्याबद्दलची माझी चाळीस वर्षांची मतं असल्या पायावर उभी असतील, तर त्यांना काय किंमत आहे?

मंगळवारी दुपारी मी तुझ्या सासूबाईंना सगळं सांगितलं. तुला काय लिहिलं तेही सांगितलं. त्या म्हणाल्या, “मला माहीत होतं. मी जिन्यात उभी होते.” मी विचारलं, की मग आजवर एका शब्दानं का बोलला नाहीत. तर म्हणाल्या, एक माणूस गेला होता, दुसऱ्याला जगवायचं होतं. तुझ्याबद्दल मी लिहिलेलं ऐकून मात्र त्या उठून आत गेल्या आणि अजून माझ्याशी धड बोललेल्या नाहीत. तीन वर्षं मी सांभाळलं, ते तुम्ही एका पत्रात घालवलंत, एवढंच एकदा म्हणाल्या.

त्या येत्या शुक्रवारच्या बसनं तुझ्याकडे येत आहेत. गुडघ्याचं मी बोलून बघितलं, ऐकत नाहीत. साक्षीदार म्हणून सही करायला त्या उभ्या राहतील. त्यांना बसमधून उतरवून घ्यायला कोणीतरी जा.

मी येणार नाही. राग नाही, शपथेवर सांगतो. कोणी हात पुढे करून अभिनंदन म्हणालं, तर मी तिथे नीट उभा राहीन असा भरवसा मला वाटत नाही. तुझा दिवस माझ्या रडण्यात जायला नको. पुढे कधीतरी, तुला वाटलं तर, त्या गृहस्थांना घेऊन ये. ते वाचत नाहीत याचं मला काही वाटत नाही. आले तर मी पुस्तक बाजूला ठेवीन आणि त्यांच्याशी बोलेन.

मला क्षमा कर असं लिहीत नाही. तो भार पुन्हा तुझ्यावरच पडेल. फक्त तू जे बाळगते आहेस ते आता खाली ठेव. ते माझं आहे. मी घेतलं.

लोभ मध्यंतरी मी आवरता घेतला होता. तू घेऊ नकोस.

बाबा