उंदरांनी कुरतडलेली चौकट

प्रिय धाकट्या,

फोन सोडून ताईने पत्र का लिहिलं, असं तुला वाटेल. फोनवर तू ‘बरं’ म्हणतोस, मग आपण हवापाण्यावर बोलतो आणि तू वहिनीच्या हातात फोन देऊन मोकळा होतोस. आज जे सांगायचंय ते ‘बरं’वर संपणारं नाही. तेव्हा चष्मा लावून नीट बस आणि शेवटपर्यंत वाच. वाचून झाल्यावर माझ्याशी बोलायचं की नाही, ते तू ठरव.

आधी खुशाली. माझा गुडघा कुरकुरतो, पण चालतो. तुझे भाऊजी मजेत आहेत. माझ्या संग्रहालयांच्या वाऱ्यांना ते आता सरावलेत. मी आत जाते, ते बाहेर बाकावर थर्मास उघडून बसतात आणि मी आले की ‘आज किती तुटक्या कंदिलांचं दर्शन झालं’ असं विचारतात. टेलिफोन खात्यातून निवृत्त झाल्यावर मला हे भलतंच वेड लागलं असं तुम्ही सगळे म्हणता, आणि मीही हसून वेळ मारून नेते. पण खरं सांगायचं तर चार वर्षं मी एकच वस्तू शोधत फिरत होते, आणि ती आपल्या बाबांची होती.

सुरुवात अगदी योगायोगाने झाली. कुणाच्या तरी लग्नाहून येताना गाडी चुकली, पुढची तीन तासांनी होती, म्हणून मी समोरच्या ‘शहर इतिहास मंडळा’त शिरले. जुन्या पोस्टाच्या वरचा मजला, किल्ली शेजारच्या न्हाव्याकडे. त्याने अर्धी दाढी झालेलं गिऱ्हाईक तसंच बसवून मला कुलूप उघडून दिलं. आत पाहते तर आपल्या गल्लीतल्या छापखान्याच्या खिळ्यांच्या पेट्या. तू लहानपणी ज्यातून ‘क्ष’ चोरला होतास, त्याच. मी विचारलं, आमच्या गल्लीतल्या या पेट्या इथे कशा आल्या. न्हावी म्हणाला, तुमच्याकडचा तो भंगारवाला, आता नाही तो, जुनी चीज दिसली की मोडायचा नाही, बाजूला ठेवायचा आणि कुठल्या ना कुठल्या मंडळाला नेऊन द्यायचा. धाकट्या, मी त्याला माहीत होती तेवढ्या मंडळांची नावं तिथेच लिहून घेतली. बाबांची शिलाईची चौकट याच भंगारवाल्याकडे गेली होती.

हो, तीच चौकट, जिच्यावर बाबा पुस्तकं शिवायचे. तिला वाळवी लागली, म्हणून जाळावी लागली, असं मी तुला सांगितलं होतं. ते खोटं होतं. पुढचं वाचण्याआधी हवं तर पाणी पिऊन ये.

बाबा गेल्यानंतरच्या आठवड्यात त्यांच्या पुस्तकबांधणीच्या दुकानाची जागा मालकाने दोन दिवसांत रिकामी मागितली. तू नव्या नोकरीवर रुजू व्हायला परत गेला होतास. मला वाटलं, तू आता ऑफिसातला माणूस झालास, तुला कशाला हवंय हे लाकूड. तुला विचारलंच नाही. भंगारवाल्याच्या हातगाडीवर सगळ्यात वर ती चौकट ठेवली आणि पडू नये म्हणून दोरी मीच आवळली. महिन्याने तू आलास आणि पहिलाच प्रश्न तिचा केलास, तेव्हा माझ्या तोंडून वाळवी निघून गेली. तू फक्त ‘बरं’ म्हणालास. मग त्या अजून रिकाम्याच पडलेल्या दुकानात जाऊन हाताने जमीन झाडून बसलास. मी रस्त्यापलीकडून पाहत होते. त्यानंतर तू मुलांची साधी वहीसुद्धा शिवली नाहीस. बाबांनी शिकवलं ते तुला एकट्याला, आणि मी ते बावीस वर्षं तुझ्या हातात अडकवून ठेवलं.

म्हणून ही पायपीट. एकूण अकरा ठिकाणं झाली. एका शाळेच्या मागच्या खोलीत तर पंख्याच्या बटणावरही ‘हात लावू नये’ अशी चिठ्ठी होती, त्यामुळे गुरुजी आणि मी दोघंही घामाघूम. एका ठिकाणी दातांच्या डॉक्टरची शंभर वर्षांची खुर्ची आहे, रखवालदार दुपारी तिच्यातच डबा खातो. एका मंडळाचे पाचच सभासद, त्यातल्या दोघांचं जमत नाही, म्हणून भिंतीवर एकाच पुलाची दोन छायाचित्रं आणि खाली बांधकामाची दोन वेगळी सालं. ही माणसं मला फार आवडली. कुणाच्या घरचं टाकलेलं आपल्याकडे आणून पुसत बसतात, आणि तुमच्याकडे काही आहे का असं आशेने विचारतात. शोधायला निघाले होते, पण रमलेही, हे कबूल करते. पाप फेडताना मजा आली तर ते फिटतं की नाही, कोण जाणे.

गेल्या मंगळवारी अकराव्या ठिकाणी, पाणीपुरवठ्याच्या जुन्या पंपघरात, ती दिसली. तिच्यावर कुणीतरी लाल-पिवळी लोकर ताणून बांधली होती आणि पुढे टाइप केलेली पाटी होती: ‘लहान मुलांचा हातमाग. आडव्या दांडीस उंदरांनी कुरतडल्याच्या खुणा.’ मी आधी हसले आणि मग मला रडू आवरेना. भाऊजींना आत बोलवावं लागलं. संग्रहालय चालवतात ते निवृत्त जनावरांचे डॉक्टर. मी म्हटलं, हे उंदीर नाहीत, हा माझा भाऊ आहे. दात येत होते तेव्हा बाबा त्याला शेजारी उभा करून शिवायचे आणि हा दांडी चावायचा. डॉक्टर जरा दुखावले. चाळीस वर्षं दात पाहण्यात गेली, म्हणाले. तरी भिंग आणलं, मोजपट्टी लावली आणि बऱ्याच वेळाने गंभीरपणे म्हणाले की प्राणी दहा महिन्यांचा असावा, वर दोन, खाली दोन. तुला आता कवळी आहे, नाहीतर तुला पुरावा म्हणूनच नेलं असतं.

शिवाय उजवा खांब. बाबा डावखुरे, त्यामुळे त्यांचा उजवा हात चौकटीच्या आत असायचा आणि तोच खांब कोपराने गुळगुळीत झालाय. इतरांचा डावा झिजतो. डॉक्टर म्हणाले, शिवून दाखवा. मी बसले, पण माझे हात उलटे पडले, कोपर दोऱ्यांत अडकलं आणि भाऊजी हसले. त्या चौकटीवर काम करणारे डावखुरे घरात दोघंच होते, बाबा आणि तू. डॉक्टरांनी मग त्यांच्या मंडळाचं साठ वर्षांचं इतिवृत्त दाखवलं. शिवण उसवलीय, पानांचे फर्मे सुटे झालेत, फीत बांधून ठेवलंय. हे शिवणारं कुणी आहे का, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, आहे, पण माझ्यावर रागावणार आहे.

आता हे पत्र आजच का, ते सांगते. नवी पाटी रविवारी लागणार आहे. ‘पुस्तकबांधणीची चौकट, डाव्या हाताच्या कारागिराची’ इथपर्यंत झालं. पण त्यांच्याकडे शेवटची ओळ असते, वस्तू घरातून बाहेर कशी पडली ती. तिथे डॉक्टरांना वाळवी सांगायला माझी जीभ रेटली नाही. मी लिहून दिलं: ‘थोरल्या मुलीने धाकट्या भावाला न विचारता भंगारात दिली.’ हे तू परक्यांच्या आधी वाचावंस, म्हणून आज टपाल गाठतेय. चौकट परत मागितलीस तर डॉक्टर देतील, त्यांनी तसा शब्द दिलाय. तिथेच राहू दिलीस तरी चालेल. रागावलास तरी ये, तिथे येऊन रागाव. लोकर मी माझ्या हाताने सोडवलीय. सुई, दोरा आणि मेण घेऊन मी रविवारी दहा वाजता तिथे बसेन. दोरा तूच ओव, मला आता सुईचं नाक दिसत नाही.

तुझीच,
ताई